पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं फुटेज: आधी राखून ठेवायला लावा, मग मागा

नाकाबंदीवर, यात्रेच्या बंदोबस्तात किंवा मोर्चात पोलिसांच्या छातीवर लावलेला छोटा काळा कॅमेरा आता लोकांच्या ओळखीचा झाला आहे. ठाण्यात पाय ठेवला की भिंतीवरचे कॅमेरे दिसतातच. त्यामुळे कुठे वादावादी झाली, कुणावर हात उगारला गेला, की धुळ्यापासून रावेरपर्यंत लोक निर्धास्तपणे म्हणतात, ‘कॅमेऱ्यात सगळं आलंय, जाईल कुठे?’

ते जातं. कुणी मुद्दाम पुसलं नाही तरी जातं, कारण यंत्राची रचनाच तशी आहे. आणि ज्याला त्या फुटेजची खरी गरज असते तो माणूस पहिले पंधरा-वीस दिवस दवाखाना, जामीन आणि नातेवाइकांची समजूत यातच अडकलेला असतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा. फुटेज राखून ठेवायला लावणं हे एक काम आहे आणि फुटेजची प्रत मिळवणं हे दुसरं. पहिलं काम वेळेत झालं नाही तर दुसऱ्यासाठी कितीही अर्ज करा, हाती काही लागत नाही.

आधी साठवणुकीचं गणित बघू. मध्यम दर्जाचं चित्र घेणारा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने नोंद करतो असं धरलं, तर तासाला सुमारे ०.९ जीबी आणि दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. एका ठाण्यात असे १६ कॅमेरे असतील तर रोजचे साडेतीनशे जीबीच्या आसपास. रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची डिस्क बसवलेली असेल तर ती बारा दिवसांत भरते. भरली की यंत्र थांबत नाही; सगळ्यात जुनं फुटेज पुसून त्याच जागी नवं लिहायला लागतं. हेच फुटेज १८ महिने ठेवायचं म्हटलं तर जवळपास १९० टीबी जागा लागेल. चित्राचा दर्जा कमी केला किंवा हालचाल असतानाच नोंद घ्यायची सोय केली, तर हा आकडा बराच खाली येतो. पण नियम कागदावर १८ महिन्यांचा आणि डिस्क बारा दिवसांची, असं कुठे झालं तर त्यामागे हेच गणित असतं.

१८ महिन्यांचा हा आकडा आला सर्वोच्च न्यायालयाकडून. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने देशभरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी आदेश दिला. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची प्रत्येक वाट, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, कोठडीबाहेरची जागा, मार्गिका, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, ठाण्याची मागची बाजू, या सगळ्या ठिकाणी कॅमेरा हवा. शौचालयाच्या आत नको, बाहेर हवा. रात्री दिसेल असा हवा आणि आवाजही टिपणारा हवा. फुटेज १८ महिने टिकावं. बाजारात तेवढ्या क्षमतेचं यंत्र मिळत नसेल तर जास्तीत जास्त जितकं शक्य तितकं, पण कोणत्याही परिस्थितीत वर्षापेक्षा कमी नको. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि फुटेजचा बॅकअप घेण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची.

याच आदेशात एक गोष्ट आहे जी लोकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. ठाण्याच्या दारात आणि आत मोठा फलक लावायचा. त्यावर इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहायचं की इथे कॅमेरे आहेत, मानवी हक्कांचा भंग झाला तर मानवाधिकार आयोगाकडे, मानवी हक्क न्यायालयाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते, फुटेज किमान सहा महिने तरी ठेवलं जातं (फलकावर लिहायचा आकडा एवढाच; साठवणुकीची मुदत वर सांगितली तशी त्याहून मोठी), आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते राखून ठेवायला लावण्याचा हक्क आहे. आपल्याकडे स्थानिक भाषा म्हणजे फक्त प्रमाण मराठी नाही. धडगाव, अक्कलकुव्यात पावरी आणि भिली बोलणारा, मराठी अडखळत वाचणारा माणूस ठाण्यात येतो. साक्रीत अहिराणी. त्या माणसाला कळेल अशा शब्दांत तो फलक असावा, तोंडी सांगणारं कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं. ज्याला हक्काचा पत्ताच नाही, तो तो मागणार कसा?

आता गफलत होते ती इथे. हा आदेश ठाण्यातल्या सीसीटीव्हीचा आहे. छातीवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज किती दिवस ठेवायचं हे सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. त्यामुळे १८ महिन्यांचा नियम बॉडी कॅमेऱ्याला आपोआप लागू होतो असं समजून गाफील राहू नका. बॉडी कॅमेऱ्याचा कायद्यात स्पष्ट उल्लेख सापडतो तो वाहतुकीच्या नियमांत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम घातला गेला. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन यांच्या जोडीला अंगावर लावायचा कॅमेरा आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचा कॅमेराही त्यात आहे. असं यंत्र वापरून चलन केलं तर गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ती इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची. या नियमात देशातल्या ज्या १३२ शहरांची यादी आहे, तिच्यात जळगावही आहे. म्हणजे अशा चलनावर तुमचा आक्षेप असेल आणि तुम्ही ते भरलेलं नसेल, तर ‘फुटेज आता नाही’ हे उत्तर नियमात बसत नाही.

बाहेर काय चालतं तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये पुराव्याचं नसलेलं बॉडी कॅमेरा फुटेज साधारण ३१ दिवसांनी पुसतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात साध्या फुटेजला किमान ६० दिवस, आणि बळाचा वापर, अटक किंवा तक्रार यांच्याशी संबंध असलेल्या फुटेजला किमान दोन वर्षं, असं तिथल्या कायद्याने सुचवलं आहे. गोळीबार किंवा गंभीर इजा झालेल्या प्रसंगाचं फुटेज ४५ दिवसांत लोकांसाठी खुलं करावं लागतं. तपासाला मोठी बाधा येणार असेल तरच मुदत वाढते. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच तरतूद: कुणी कोणतं फुटेज कधी उघडलं आणि कधी पुसलं याची नोंद कायमची ठेवायची. फुटेज गेलं तरी ते कुणाच्या हातून गेलं हे कळतं. असा नियम आपल्याकडे बॉडी कॅमेऱ्यासाठी लिहिला गेला पाहिजे.

तीन कॅमेरे, तीन वाटा

समजा, नंदुरबारहून मिरची भरून निघालेली पिकअप रात्री महामार्गावर अडवली. कागदपत्रांवरून बोलाचाली झाली. गाडी आणि माल ताब्यात घेतला, चालकाला ठाण्यात नेलं आणि सकाळी सोडलं, तेव्हा त्याचा हात सुजलेला. घरी आई विचारते, ‘काय व्हयनं रे भाऊ?’ तो म्हणतो, काही नाही. दोन दिवसांनी खरं काय ते बाहेर पडतं.

या एका रात्रीत तीन निरनिराळी फुटेज तयार झाली असू शकतात. रस्त्यावरचं बॉडी कॅमेऱ्याचं. ठाण्यातलं सीसीटीव्हीचं. आणि तिसरं जप्तीचं, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती घेताना किंवा माल ताब्यात घेताना, यादी करण्यापासून पंचांच्या सह्या होईपर्यंत सगळ्याचं आवाजासह चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. पोलीस त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप वापरतात. वेळ आणि ठिकाण चित्रीकरणासोबतच नोंदलं जातं. म्हणजे हे तिसरं फुटेज ठाण्याच्या डिस्कवर अवलंबून नाही. पंचनाम्याची प्रत मागताना चित्रीकरण झालं होतं का, कधी पाठवलं, हे लेखी विचारा. वकिलांनाही आठवण करून द्या, कारण जुन्या सवयीने पुष्कळांचं लक्ष फक्त कागदी पंचनाम्यावरच जातं.

पहिल्या दोन फुटेजसाठी मात्र घाई करायलाच हवी. ती घाई म्हणजे साध्या कागदावरचा एक अर्ज. ठाण्यात चालणाऱ्या भाषेत तो असा लिहिता येईल:

‘प्रति, मा. पोलीस निरीक्षक. विषय: सीसीटीव्ही व बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण जतन करून ठेवणेबाबत. महोदय, दि. … रोजी रात्री ११ ते दि. … रोजी सकाळी ७ या वेळेत मी आपल्या ठाण्यात होतो. या वेळेतील मुख्य प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, लॉकअप व त्याबाहेरील मार्गिका येथील सर्व कॅमेऱ्यांचे आवाजासह चित्रण, तसेच रात्री १०.१५ ते ११ या वेळेत महामार्गावरील नाकाबंदीस हजर असलेल्या अंमलदारांच्या बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण हा माझ्या तक्रारीशी संबंधित पुरावा आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाचा दि. २ डिसेंबर २०२० चा आदेश विचारात घेऊन सदर चित्रण तातडीने वेगळे काढून जतन करावे, ते पुसले जाऊ देऊ नये, व तसे केल्याचे मला लेखी कळवावे, ही विनंती.’

खाली दोन प्रतींचा उल्लेख करा: एक पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांना का, तर त्या २०२० च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायला सांगितली आहे आणि तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत असं म्हटलं आहे. कॅमेऱ्यांची देखभाल पाहणं हे तिचं काम आहेच, पण कुणी तक्रार केलेली नसली तरी साठवलेलं फुटेज तपासून कुठे मानवी हक्कांचा भंग झालाय का हे बघणंही तिचंच काम आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या लोकप्रतिनिधींनी ही समिती कधी बसली, तिने काय पाहिलं, हे विचारावं. विचारलं की हालचाल होते.

अर्जात तारीख आणि वेळ जितकी नेमकी तितकं बरं. ‘त्या रात्रीचं सगळं फुटेज’ म्हटलं की शोधणाऱ्यालाही पळवाट मिळते. अर्जावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोस्टाने नोंदणी करून पाठवा आणि पावती जपा. मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि तिथल्या कागदावरची वेळ अर्जाशी जुळते का बघा. भुसावळसारख्या जंक्शनवर प्रसंग घडला असेल तर आणखी एक काळजी: लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे आणि आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, रेल्वेचं. कॅमेरा कुणाचा हे नक्की माहीत नसेल तर अर्ज दोघांनाही द्या.

गंभीर इजा किंवा कोठडीत मृत्यू झाला असेल तर राज्य मानवाधिकार आयोगाकडे लगेच जा. आयोग किंवा मानवी हक्क न्यायालय फुटेज ताबडतोब मागवून घेऊन सुरक्षित ठेवू शकतं, असं त्याच आदेशात आहे. आयोगाकडे तक्रारीची मुदत घटनेपासून एक वर्ष.

प्रत कुणाला मिळते

तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आणि फुटेज दोषारोपपत्रासोबत पुरावा म्हणून जोडलं गेलं, तर प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ही कागदपत्रं द्यायची आहेत. पीडितालाही, वकिलामार्फत बाजू मांडत असेल तर. मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’च आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका खटल्यात २०१९ साली स्पष्ट केलं. मात्र तिथे एका स्त्रीच्या खासगीपणाचा प्रश्न होता, म्हणून आरोपीला प्रत न देता, वकील आणि तज्ज्ञासह ते पाहण्याची मुभा दिली. हा तोल मला योग्य वाटतो. बचावाचा हक्कही राहिला आणि तिचं चित्रीकरण गावभर फिरायची भीतीही टळली.

फुटेज तुमच्या बाजूचं आहे आणि पोलिसांनी ते दाखलच केलं नाही, असं असेल तर न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ९४ खाली ते हजर करण्याचा आदेश देता येतो.

खटला नाही, नुसती तक्रार आहे, किंवा तुम्ही पत्रकार किंवा कार्यकर्ते आहात, तर माहिती अधिकाराची वाट. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राच्या नियमातलं बंधन. उत्तराची मुदत ३० दिवस; जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. डिस्क बारा दिवसांची आणि उत्तर तीस दिवसांनी, म्हणजे अर्ज वेळेत करूनही ‘उपलब्ध नाही’ हेच हाती. म्हणूनच जतन करण्याचा अर्ज आधी, माहितीचा नंतर.

नकार येतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, ‘तपास चालू आहे’. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(एच) असा अपवाद देतं खरं, पण तपास चालू आहे एवढंच सांगून भागत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा नेमका कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच म्हटलंय. दुसरं कारण, ‘वैयक्तिक माहिती’. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने हा अपवाद पूर्वीपेक्षा रुंद केला आहे आणि मला त्याची काळजी वाटते, कारण फुटेजमध्ये कुणाचा ना कुणाचा चेहरा असणारच. तरी दोन दारं उघडी आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि कलम १० प्रमाणे देता न येणारा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. चेहरे धूसर करून द्या, हे अर्जातच लिहा. पहिलं अपील ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. आरपीएफचा मामला असेल तर केंद्रीय माहिती आयोगाकडे.

बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. अल्पवयीन मुलांच्या बाबतीतही कायदा कडक आहे. हे बंधन पोलिसांना आहे, तसंच प्रत मिळालेल्या प्रत्येकाला आहे.

आणि फुटेज गेलंच तर? पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे, जवळ असलेला पुरावा कुणी हजर केला नाही तर तो त्याच्या विरोधात गेला असता असं न्यायालय धरू शकतं. पण हे दोन्ही उपयोगी पडायचे तर फुटेज असताना तुम्ही ते राखायला सांगितलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. तो आवक शिक्का इथे कामाला येतो. २०२० च्या आदेशानंतरही ठाण्यांमधले कॅमेरे बंद असल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घेतली, यावरून नुसत्या आदेशावर किती विसंबायचं ते समजावं.

प्रत मिळाल्यावर

पेनड्राइव्ह हातात आला म्हणजे पुरावा झाला असं नाही. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. या प्रमाणपत्राचं महत्त्व पक्कं झालं ते आपल्या शेजारच्या जालन्यामुळे. तिथल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, यावरून वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण निर्णायक ठरलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलेलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच; आणि यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर ते मिळवून देण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तेव्हा जुना कायदा होता, कलम ६५-ब. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं.

हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला अक्षरांचा आणि आकड्यांचा एक ठरावीक लांबीचा संच. मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील असतं, तसं हे फाइलचं सील. एक सेकंद कापा, आवाज थोडा वाढवा, हॅश पूर्ण बदलतो. म्हणून फुटेज घेताना हॅश प्रमाणपत्रावर लिहिलाय ना ते पाहा, आणि त्याच दिवशी जाणकाराकडून तो पेनड्राइव्हमधल्या फाइलशी ताडून घ्या.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे समोरच्याकडे पोहोचते ती वेगळीच फाइल. हॅश जुळत नाही. घटना पाहणाऱ्या कुणी स्वतःच्या मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर त्याला सांगा: मूळ फाइल फोनमध्येच राहू दे, नाव बदलू नको, कापू नको, फोन विकू नको. (ठाण्याच्या आवारात शूटिंग केलं म्हणून शासकीय गुपितं कायदा लागत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली सांगितलं आहे.)

फॉरवर्ड न करण्याचं दुसरं कारण आपल्या खान्देशाने फार जवळून पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या काळात मोबाइलवर असेच मागचा-पुढचा संदर्भ नसलेले व्हिडिओ फिरत होते. पोलिसांच्या कॅमेऱ्यातला वीस सेकंदांचा तुकडाही तसाच फिरू शकतो: त्यात कधी पोलीस राक्षस दिसेल, कधी नागरिक गुंड. ज्याच्याकडे फुटेजची प्रत आली आहे त्याने ती वकिलाला द्यावी, आयोगाला द्यावी, तक्रारीला जोडावी. पत्रकाराला द्यायची तर सलग द्यावी आणि त्यात दिसणाऱ्या तिऱ्हाइतांचे चेहरे झाकायला सांगावं. गावच्या ग्रुपवर टाकू नये.